विदर्भातल्या खेड्यात नवीन आलात? सहावी-सातवीसाठी सरकारी शाळा कशी बघावी

आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात राहायला आलो तेव्हा मोठी मुलगी नुकतीच पाचवी पास झाली होती. नवऱ्याची बदली झालेली, नाशिककडून आलेलं सामान अजून पोत्यांत आणि शाळा सुरू व्हायला दहा-बारा दिवस. जवळपास तीन शाळा होत्या. गावातली जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची, चार किलोमीटरवरची तशीच दुसरी आणि तालुक्याच्या रस्त्यावर एका संस्थेचं पाचवी ते दहावीचं अनुदानित हायस्कूल. तिन्ही मी एका सकाळी पाहिल्या. जिची इमारत नवीन रंगवलेली, भिंतीवर सूर्यमाला, वर्गात मोठा टीव्ही, ती निवडली. दिवाळीनंतर कळलं की सहावी-सातवीला गणित शिकवणारं तिथे कोणीच नाही. कधी मराठीच्या बाई फळ्यावर दोन उदाहरणं लिहून द्यायच्या, कधी तेही नाही. मुलीचं अपूर्णांकांपासून मागे पडलेलं गणित भरून काढायला पुढे आम्हाला घरी दीड वर्ष लागलं.

धाकट्याच्या वेळी शाळा बदलली. नंतर शाळा व्यवस्थापन समितीत गेले, दोन वर्षं अध्यक्ष होते. आतल्या बाजूने पाहिल्यावर लक्षात आलं, की नवीन आलेले पालक नेमक्या नको त्या गोष्टींची तुलना करतात. आम्हीही तेच केलं होतं. म्हणून हे लिहिते आहे. बदलीवर आलेले बँकवाले, आरोग्य सेविका, तलाठी, जिनिंगमधले कामगार, माहेरी परत आलेल्या बाया, सगळ्यांसाठी.

माझं म्हणणं एकच आहे. शाळा पंधरा ऑगस्टला बघू नका, प्रवेशाच्या दिवशीही बघू नका. एखाद्या साध्या मंगळवारी बघा.

आधी यादी करा, आणि आठवी कुठे ते विचारा

शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी असे दोन टप्पे केले. महाराष्ट्रातली जुनी घडी मात्र पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी आणि आठवीपासून हायस्कूल अशी होती. कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला, पण खेड्यापाड्यांत दोन्ही घड्या अजून शेजारी शेजारी नांदतात. त्यामुळे ‘शाळा कितवीपर्यंत?’ हा पहिला प्रश्न. काही जिल्हा परिषद शाळा चौथी-पाचवीला थांबतात, बऱ्याच सातवीला, काहींना आठवीचा वर्ग जोडलेला असतो. सातवीला थांबणारी शाळा वाईट असं मुळीच नाही. पण दोन वर्षांनी मूल पुन्हा नवीन ठिकाणी जाणार, ते कुठे आणि कसं जाणार, हे आजच कळलं पाहिजे.

यादीत काय काय येऊ शकतं? जिल्हा परिषदेची उच्च प्राथमिक शाळा. तालुक्याच्या ठिकाणी नगर परिषदेची शाळा. काही मोठ्या गावांत जिल्हा परिषदेचंच हायस्कूल असतं, त्यात पाचवीपासून वर्ग असतात. खासगी संस्थेचं अनुदानित हायस्कूल असतं. त्याची संस्था खासगी असली तरी शिक्षकांचे पगार सरकार देतं, म्हणून गावात लोक त्यालाही सरकारीच धरतात. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, गोंदिया आणि अमरावतीच्या मेळघाटात आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा आहेत, त्यांची चौकशी प्रकल्प कार्यालयात करावी लागते. नवोदय विद्यालयात सहावीला परीक्षेने प्रवेश मिळतो, किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. मात्र मूल त्याच जिल्ह्यात पाचवी शिकत असावं लागतं. तुमचं मूल चौथीत असेल आणि नवोदयचा विचार असेल, तर बदलीचं वर्ष नीट मोजा.

लोक शाळांची नावं आपापल्या सवयीने सांगतात, त्याने गोंधळू नका. आमच्याकडे एक आजोबा जिल्हा परिषदेच्या शाळेला अजून ‘जनपदची शाळा’ म्हणतात. विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, त्या काळी इथे जनपद सभा होत्या. जिल्हा परिषदा १९६२ साली आल्या. आजोबांनी बोट दाखवलेली इमारत आणि पाटीवरचं नाव जुळेपर्यंत माझा अर्धा तास गेला होता.

कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीची शाळा ३ किलोमीटरच्या आत असायला हवी. तेवढं वर्तुळ आधी बघा, मग एसटीच्या रस्त्यावरची एखादी लांबची शाळा यादीत घाला. तीन-चार नावं पुरेत.

मे महिन्यात दारावर येणारे शिक्षक

नवीन माणसाला याचं आश्चर्य वाटतं. उन्हाळ्यात, विशेषतः पाचवी आणि आठवीच्या प्रवेशासाठी, अनुदानित शाळांचे शिक्षक दारोदार येतात. पट कमी झाला की पदं कमी होतात, शिक्षक अतिरिक्त ठरतो, दुसरीकडे पाठवला जातो. त्यांची काळजी खरी आहे, त्यांना पाणी द्या, बसवा, ऐकून घ्या. कोणी सायकल देऊ म्हणतं, कोणी गाडीची सोय, कोणी दप्तर. त्याच वेळी दाखला मात्र हातात देऊ नका. भिडेखातर दिलेले दाखले परत मागायला जून महिन्यात रांग लागलेली मी पाहिली आहे. ‘शाळा बघून सांगते’ म्हणायला काही हरकत नसते आणि त्याचा रागही कोणी धरत नाही.

घरी बसून बघता येईल ते

प्रत्येक शाळेला ११ अंकी यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा स्वतःचा क्रमांक, असतो. महाराष्ट्रातला असेल तर तो २७ ने सुरू होतो आणि बहुतेक ठिकाणी शाळेच्या भिंतीवर ठळक रंगवलेला असतो. यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर या क्रमांकाने शाळेची माहिती निघते. पट किती, शिक्षक किती, संडास-मुतारी, पाणी, वीज, वाचनालय, सगळं दिसतं. मोबाइलवरही होतं.

मात्र ही माहिती शाळेनेच भरलेली असते आणि ती मागच्या वर्षीची असते. ‘वीज आहे’ असं लिहिलेल्या शाळेचं कनेक्शन बिल थकल्यामुळे तोडलेलं असू शकतं. मग तो मोठा टीव्ही भिंतीवरची काळी पाटीच. म्हणून या माहितीचा उपयोग प्रश्न काढण्यासाठी करा. तीन वर्षांत पट ७० वरून ४० वर आला असेल तर का आला, ते गावात विचारा. कधी कारण साधं असतं, की नवीन बस सुरू झाली आणि मुलं तालुक्याला जायला लागली. कधी त्यामागे शिक्षकच नसतो.

कागद

यावर फार वेळ घालवू नका, पण दोन-तीन गोष्टी पक्क्या ठेवा. जुन्या शाळेचा दाखला, प्रगतिपत्रक, आधार, जन्माचा दाखला, असेल तर जातीचा दाखला. शाळांच्या ऑनलाइन प्रणालीत मुलाचं नाव जुन्या शाळेतून नवीन शाळेकडे सरकावं लागतं. नवीन शाळा मागणी करते, जुनी मान्य करते. ते अडकलं तर मूल वर्गात बसतं पण पटावर दिसत नाही. जुन्या मुख्याध्यापकांचा फोन नंबर निघायच्या आधीच घेऊन ठेवा.

कायदा इथे तुमच्या बाजूने आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जन्माचा पुरावा नाही म्हणूनही नाही. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेता येत नाही, देणगी मागता येत नाही. वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलांना मधल्या काळासाठी शिक्षण हमी कार्ड मिळतं. परत आल्यावर वर्ग चुकू नये म्हणून ते असतं. तुमच्या शेजारी असं घर असेल तर त्यांना हे सांगा.

साधा मंगळवार

आता मुख्य काम. विदर्भात उन्हामुळे शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या नंतर उघडतात. तिकडे जूनच्या मध्याला, आपल्याकडे जूनच्या शेवटच्या आठवड्यात किंवा थेट जुलैच्या तोंडावर. तुम्ही मार्च-एप्रिलमध्येच आला असाल तर फार उत्तम. त्या दिवसांत सकाळची शाळा असते, सात-साडेसातला पोहोचा. जूनमध्ये आला असाल तरी पहिला आठवडा सोडा. तेव्हा प्रवेशोत्सव, गुलाबाची फुलं, पुस्तकवाटप चालू असतं. दुसऱ्या आठवड्यातला मंगळवार-बुधवार धरा. तोवर मुलाला जवळच्या शाळेत बसवून ठेवलं तरी चालतं.

मुख्याध्यापकांची परवानगी घ्या. “सर, आम्ही नवीन आलो, पोरीला सहावीत घालायचं आहे, अर्धा दिवस शाळा बघू का?” एवढं पुरतं. मला कोणीही नाही म्हटलेलं नाही. उलट एका ठिकाणी खुर्ची दिली, चहा दिला आणि चक्क वर्गात बसू दिलं.

परिपाठापासून थांबा. प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या, बोधकथा कोण सांगतं ते बघा. सगळ्या शाळांत दोन हुशार मुली असतात, त्या सगळं छान करतात. चांगल्या शाळेत तिसरा, चौथा, अडखळणारा मुलगाही पुढे येतो आणि त्याला कोणी हसत नाही. मी धाकट्यासाठी जी शाळा निवडली तिथे एक मुलगा बातमी वाचताना ‘जिल्हाधिकारी’ शब्दावर तीनदा अडला. बाई काही बोलल्या नाहीत, फक्त थांबल्या. तो शब्द पुरा झाल्यावरच पुढे गेला. त्या थांबण्यावर मी शाळा जवळजवळ ठरवून टाकली होती.

मग वह्या. सहावी-सातवीच्या चार-पाच मुलांच्या गणिताच्या वह्या बघायला मागा. तारखा बघा, आठवड्यातून किती दिवस गणित झालंय ते लगेच कळतं. लाल शाईची खूण नुसती बरोबरची आहे, की चुकलेल्या उदाहरणाशेजारी काही लिहिलं आहे? सगळ्यांच्या वहीत तेच उदाहरण, तीच चूक असेल तर ते फळ्यावरून उतरवलेलं आहे. वेगवेगळ्या चुका दिसल्या तर आनंद माना, मुलं स्वतः सोडवतात.

विज्ञानाचं कपाट उघडायला सांगा. साहित्य जवळजवळ सगळ्या शाळांना मिळालेलं असतं. प्रश्न धुळीचा आहे. काचेचं चंचुपात्र फुटलेलं असेल तर मला ते चांगलं वाटतं, कारण कोणीतरी वापरलं. वाचनालयाचंही तसंच. पुस्तकं किती ते मोजू नका, देवाणघेवाणीची वही बघा. शेवटची नोंद कधीची आहे?

दोन वर्ग एकत्र बसलेले दिसले तर घाबरू नका. कमी पटाच्या शाळेत सहावी-सातवी एकत्र बसणं नेहमीचं आहे. एका वर्गाला शिकवताना दुसऱ्या वर्गाच्या हातात काय आहे, एवढंच पाहा. काम आहे, की नुसतं ‘शुद्धलेखन लिहा’?

मुलांना प्रश्न विचारून परीक्षा घेऊ नका. ती त्यांची शाळा आहे, आपण पाहुणे. “काल काय शिकवलं?” इतकं विचारलं की ती आपणहून बोलतात. ज्या शाळेत मी फसले होते तिथल्या एका मुलीने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “मॅडम, आमच्या इथं गणिताले सरच नाही ना.” मी ते हसण्यावारी नेलं. ती पोरगी खरं बोलत होती.

पदवीधर शिक्षक हा शब्द लक्षात ठेवा

पालक विचारतात, ‘शिक्षक किती आहेत?’ विचारायचं असतं, ‘सहावी ते आठवीला विज्ञान-गणिताचा पदवीधर शिक्षक आहे का?’ जिल्हा परिषदेत पहिली ते पाचवीच्या शिक्षकांची पदं वेगळी आणि वरच्या वर्गांसाठी पदवीधर, म्हणजे विषय शिक्षकांची पदं वेगळी. कायद्यात सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा या तिन्हींसाठी किमान एकेक शिक्षक असावा असंही म्हटलं आहे. प्रत्यक्षात पदं पटावरून मंजूर होतात, त्याला संच मान्यता म्हणतात. लहान गावात पट कमी, म्हणून पदं कमी, त्यात एखादं रिकामं. विज्ञानाचं पद रिकामं राहिलं की त्याची झळ थेट सहावी-सातवीला बसते. शाळेत पाच शिक्षक असतील आणि पाचही खालच्या वर्गांचे असतील, तर तुमच्या मुलीच्या बीजगणिताला त्याचा काय उपयोग?

म्हणून हे प्रश्न सरळ विचारा. मंजूर पदं किती, भरलेली किती? रिकाम्या पदाचा विषय कोण घेतं? मानधनावर कोणी आहे का, आणि कधीपर्यंत? मुख्याध्यापक पूर्ण वेळ आहेत, की एखाद्या शिक्षकाकडेच कार्यभार आहे? कार्यभार असेल तर त्या शिक्षकाचे तास बुडतात. माहिती भरणं, बैठका, पोषण आहाराची नोंद, यातच दिवस जातो. त्यांचा दोष नसतो, पण तास बुडतात हे खरंच.

आणखी एक गोष्ट मला उशिरा समजली. जिल्हांतर्गत बदल्या बहुतेक उन्हाळ्याच्या सुटीच्या आसपास होतात. फेब्रुवारीत ज्यांच्या शिकवण्यावर तुम्ही भाळलात ते सर जूनमध्ये दुसऱ्या तालुक्यात असू शकतात. त्यामुळे एका शिक्षकाच्या नावावर शाळा निवडायची असेल तर त्यांना इथे किती वर्षं झाली ते विचारून घ्या. पाच-सहा वर्षं झाली असतील तर ते बदलीच्या उंबरठ्यावर असण्याची शक्यता जास्त.

शिष्यवृत्तीच्या निकालांचे फलक शाळा अभिमानाने लावतात, लावावेतही. पण किती मुलं पास झाली यापेक्षा किती बसवली ते विचारा. एनएमएमएस नावाची आठवीतली शिष्यवृत्तीची परीक्षा आपल्यासारख्या घरांसाठी मोठी आहे. ती सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच असते. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. जी शाळा आठवीच्या सगळ्या पात्र मुलांना या परीक्षेला बसवते, शनिवारी दुपारी थांबून तयारी करून घेते, तिथे कोणीतरी मनापासून काम करतंय असं समजा.

वाट ऑगस्टमध्ये चालून बघा

नकाशावर तीन किलोमीटर म्हणजे काहीच नाही. काळ्या मातीत, नाल्याला पूर आलेला असताना, तेच तीन किलोमीटर पार होत नाहीत. आमच्याकडे दुसऱ्या शाळेच्या वाटेवर एक रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, आहे. पावसाळ्यात पाच-सहा दिवस तरी तो पाण्याखाली असतो आणि त्या दिवशी पलीकडची मुलं घरी बसतात. पावसाळ्यात यायला जमलं नाही तर गावातल्या माणसाला विचारा, पाणी चढलं की पोरं कशी जातात.

मार्चमध्ये प्रश्न उलटा असतो. सकाळच्या शाळेतून मुलं अकरा-साडेअकराला सुटतात आणि भर उन्हात घरी येतात. वाटेत झाडं आहेत का, मधे कोणाचं घर आहे का जिथे पाणी मिळेल? अकरा-बारा वर्षांच्या मुलीला एकटीला पाठवायचं असेल तर सोबत कोण, हेही आत्ताच बघा. त्या रस्त्याने जाणाऱ्या मोठ्या मुलींशी ओळख करून द्या.

बसने पाठवणार असाल तर मुलींसाठी अहिल्यादेवी होळकर योजनेत पाचवी ते बारावी एसटीचा पास मोफत आहे. मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत मुलींसाठी निळ्या रंगाच्या खास गाड्याही फिरतात. पण बसची वेळ शाळेशी जुळते का? पाच वाजता शाळा सुटते आणि गाडी साडेसहाला असेल, तर मधला दीड तास मुलगी फाट्यावर उभी. थंडीत तोवर अंधार पडतो. मला विचाराल तर, सहावी-सातवीसाठी चालत जाता येणारी मध्यम शाळा बसवरच्या चांगल्या शाळेपेक्षा बरी. आठवीनंतर गोष्ट वेगळी.

पाणी, मुतारी, खिचडी

सहावी ते आठवी ही मुलींना पाळी सुरू होण्याची वर्षं आहेत. स्वच्छतागृह बाहेरून बघून परत येऊ नका. मुलींचं वेगळं आहे का, दाराला आतून कडी आहे का, आत पाणी आहे की बाहेरून बादली न्यावी लागते, चावी कोणाकडे असते? चावी सरांकडे असेल तर मुली जात नाहीत. त्या दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि पाळीचे चार दिवस घरी राहतात. आमच्या समितीने पहिलं काम केलं ते कडीचं. दीडशे-दोनशे रुपयांचं काम होतं.

पिण्याचं पाणी कुठून येतं ते विचारा. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइडचं प्रमाण जास्त आहे. तिथे दात पिवळे-तपकिरी पडलेली मुलं दिसतात. अशा भागात शाळेला गाळलेलं पाणी मिळतं का, यंत्र चालू आहे का, ते पाहा. नाहीतर घरून बाटली द्या.

पोषण आहार, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी खिचडी, आठवीपर्यंत सगळ्यांना मिळतो. वरच्या वर्गाला दर मुलामागे १५० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो. वारानुसार काय शिजणार ते भिंतीवर लिहिलेलं असतं. त्या दिवशी तेच शिजलं का बघा, आणि मुलांसोबत बसून दोन घास खा. सगळी मुलं एका पंगतीत बसतात का, तेही नीट बघा. यावर मी फार लिहीत नाही, पण त्या पंगतीवरून गावाचं बरंच काही कळतं.

भाषा

माझी मुलगी पहिल्या महिन्यात रडत घरी आली होती, कारण ती ‘मला’ म्हणते म्हणून मुलं हसत होती. त्यांच्याकडे ‘मले’. दिवाळीपर्यंत तीही ‘मले’, ‘तुले’ म्हणायला लागली आणि प्रश्न संपला. हे वळण आपोआप येतं. घाबरायचं ते उलट्या गोष्टीला. शिक्षक गावच्या मुलांची बोली वर्गात कशी घेतात? ‘असं नाही बोलायचं’ म्हणून गप्प करतात, की बोलू देतात आणि मग पुस्तकातला शब्द सांगतात? वऱ्हाडी, झाडीबोली, यवतमाळ-वाशिमच्या तांड्यांवर गोरमाटी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया. मुलं या भाषा घेऊन शाळेत येतात. जी शाळा त्या मुलांना बोलू देते तीच तुमच्या बाहेरून आलेल्या मुलालाही बोलू देईल.

सेमी इंग्रजीचा प्रश्न इथेच येतो. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित, दोन्ही शाळांत सेमीचे वर्ग असतात, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून. पालकांना ते हवंच असतं. माझं मत स्पष्ट आहे. ज्या शाळेत गणिताचा शिक्षकच नाही तिथे सेमीची पाटी निरर्थक आहे. शिक्षक आहे आणि तो इंग्रजी पुस्तक मराठीत समजावून शिकवतो, तर चांगलं. मुलाने पाचवीपर्यंत पूर्ण मराठीत शिकलं असेल तर सहावीत सेमी घेताना पहिले सहा महिने घरी रोज अर्धा तास शब्दांवर बसावं लागेल. ते जमणार असेल तरच घ्या.

कोणाला विचारावं

मुख्याध्यापकांशी बोलून झालं की तिघांना विचारा.

पहिली, खिचडी करणारी बाई. शिक्षक किती वाजता येतात, किती ताटं लागतात, कोणत्या महिन्यात पोरं कमी होतात, तिला सगळं ठाऊक असतं. आमच्याकडे कापूस वेचणीत हजेरी उतरते, धानाच्या पट्ट्यात कापणीला. त्या दिवसांत शाळा मुलांना आणायला घरी जाते का, हे तिच्याकडूनच कळेल.

दुसरे, शाळा व्यवस्थापन समितीतले पालक. कायद्याने समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. शेवटची बैठक कधी झाली ते विचारा. ‘सही नेतात घरी येऊन’ असं उत्तर आलं तर समजून घ्या. तक्रारपेटी कधी उघडली, मुलींच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समितीत कोण आहे, हेही त्यांना माहीत असलं पाहिजे. मारण्याबद्दल आडून न विचारता सरळ विचारा. कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी आहे, तरी काही पालकच ‘दोन द्या, पण शिकवा’ म्हणून सांगून येतात.

तिसरे, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगाचे, जवळच्या हायस्कूलचे आठवीचे गणिताचे शिक्षक. त्यांच्याकडे चार-पाच गावांची मुलं दरवर्षी येतात. कोणत्या गावच्या मुलांना भागाकार येतो, अपूर्णांक येतात, कोणती मुलं न घाबरता हात वर करतात, हे त्यांना पहिल्या पंधरवड्यात कळतं. कोणत्याही फलकापेक्षा त्यांचं बोलणं खरं. मी धाकट्याच्या वेळी हे केलं. सरांनी थोडं थांबून एका दोन खोल्यांच्या, रंग उडालेल्या शाळेचं नाव घेतलं. आम्ही पहिल्या वेळी ती शाळा बाहेरूनच बघून सोडून दिली होती.

ठरवताना

शाळांना गुण देऊन बेरीज करण्यात अर्थ नाही. संडास चांगला आणि गणित नाही, यांची बेरीज होत नसते. माझ्या दृष्टीने तीन गोष्टी नसतील तर शाळा बाजूला ठेवावी. गणित-विज्ञान नेमाने शिकवणारं माणूस, मुलींना वापरता येणारं स्वच्छतागृह, आणि वर्षभर जाता येईल अशी वाट. हे तिन्ही असलेल्या शाळा उरल्या की मग टीव्ही, मैदान, सेमी, जे वाटेल ते बघा. एकही उरली नाही तर जवळची घ्या आणि जे नाही ते घरून भरून काढायची तयारी ठेवा. विदर्भातल्या बऱ्याच गावांत हाच पर्याय असतो.

पट फार घसरलेला असेल तर केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना, विचारा, वरचे वर्ग पुढच्या वर्षी राहतील ना. एकदा नाव घातलं की वर्षभर हलवू नका. फारच गरज पडली तर सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये बदली मागण्याचा हक्क आहे आणि दाखला लगेच द्यावा लागतो.

प्रवेश झाल्यावर पहिला महिना दर शनिवारी गणिताची वही उघडा. शनिवारी सकाळची शाळा असते, दुपारी वेळ मिळतो. तारखांमध्ये आठवडाभराची फट दिसली तर त्याच सोमवारी शाळेत जा, भांडायला नव्हे, विचारायला. शिक्षक प्रशिक्षणाला गेले असतील, निवडणुकीच्या कामावर असतील. मग तो आठवडा घरी भरून काढा. आणि पहिली पालकसभा चुकवू नका. ती बहुधा निंदणाच्या दिवसांत दुपारी ठेवलेली असते, त्यामुळे वावरात गेलेल्या बाया येत नाहीत. तुम्ही नोकरीवाले असाल, तुमच्या बोलण्याला मान असेल, तर सभा संध्याकाळी सातला घ्यायला सांगा. आमच्याकडे वेळ बदलली तेव्हा पहिल्याच सभेला सहावीच्या अकरा मुलांच्या नऊ आया आल्या होत्या, आणि विज्ञानाच्या रिकाम्या पदासाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यायच्या अर्जावर त्याच रात्री सगळ्यांच्या सह्या झाल्या.